मॅकॉय पाडलंत, आता निदान तिथली आठवण तरी पुसू नका : पॉटकेट शहराला खुलं पत्र

पॉटकेटचे महापौर, सिटी कौन्सिलचे सगळे सभासद, स्कूल कमिटी आणि नव्या हायस्कूलचं काम ज्यांच्या हातात आहे ते सगळेजण,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. इंग्रजीतलं तुम्हाला वेगळं येईलच, पण मनातलं सगळं मला मराठीतच सांगता येतं. शिवाय बॉस्टनपासून प्रॉव्हिडन्सपर्यंत आपली भरपूर मराठी माणसं राहतात, त्यातल्या कितीतरी जणांनी मुलांना पहिल्यांदा बेसबॉल दाखवला तो ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेटच्या मॅकॉय स्टेडियममध्येच, कारण बॉस्टनच्या फेनवे पार्कची तिकिटं चार माणसांच्या कुटुंबाला परवडत नाहीत आणि मॅकॉयला पार्किंगसुद्धा फुकट होतं. त्यांनी पण हे वाचावं म्हणून इथे टाकतोय.

मी मूळचा परळचा. बाबा गिरणीत स्पिनिंगला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आणि त्यानंतर बाबा परत कधीच गिरणीच्या गेटातून आत गेले नाहीत. अडीच लाख कामगारांपैकी ते एक. आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर गिरणीच्या कबड्डी टीममधून खेळलेलं कुणीतरी असायचंच, त्यांच्या मॅचेस बघायला गल्ल्या भरून जायच्या, आणि आज त्या टीम्सचे फोटो शोधायला गेलं तर मिळत नाहीत. गिरण्या गेल्या, जागेवर टॉवर आले, मॉल आले, ते सगळं लोकांना माहिती आहे. पण टीम्स गेल्या हे कुणी लिहूनच ठेवलं नाही. कोण कॅप्टन होता, कुठल्या साली काय जिंकलं, सगळं माणसांबरोबर गेलं. म्हणून मी हे पत्र लिहितोय. माझ्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा होताना मला बघायचं नाहीये.

२००३ ला नोकरीसाठी ऱ्होड आयलंडला आलो आणि पॉटकेटला तीनमजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला लागलो. तेव्हा मला या शहराबद्दल एवढंच माहीत होतं की भाडं कमी आहे. मग एका रविवारी ब्लॅकस्टोन नदीच्या काठावरची स्लेटर मिल बघितली. १७९३ ची गिरणी. सॅम्युएल स्लेटर नावाचा माणूस इंग्लंडमधून सूतकताईच्या मशीनची माहिती डोक्यात साठवून इकडे आला आणि अमेरिकेतली कापूस कातायची पहिली यशस्वी गिरणी या छोट्याशा गावात उभी राहिली. १८२४ ला इथल्या मालकांनी विणकाम करणाऱ्या बायकांचा पगार कापला आणि कामाचे तास वाढवले, तेव्हा त्या बायकांनी काम बंद केलं, या देशातला कारखान्यातला अगदी सुरुवातीचा संप तो. परळच्या मुलाला हे वाचून काय वाटलं असेल ते मला शब्दात नाही सांगता येणार. मी त्या दिवसापासून पॉटकेटकर झालो.

आणि स्टेडियम तर घरापासून चालत जाण्यासारखं होतं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पॉटकेट रेड सॉक्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी पॉसॉक्स, ही बॉस्टन रेड सॉक्सची ट्रिपल ए टीम होती, मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या स्तराच्या, बरोब्बर एक पायरी खाली. १९७० ला इथे आधी डबल ए टीम आली, १९७३ पासून ट्रिपल ए. बॉस्टनमध्ये कुणी जखमी झालं की इथल्या पोराला फोन यायचा, तो बॅग उचलून चाळीसेक मैल गाडी हाणत फेनवेला पोचायचा आणि संध्याकाळी टीव्हीवर दिसायचा. तिकडचा खेळाडू बरा झाला की याला परत खाली पाठवायचे. २००७ च्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले होते, त्यांना हे सगळं समजावून सांगितलं तर ते पटकन म्हणाले, म्हणजे बदली कामगार रे हे. मला वीस मिनिटं लागली होती सांगायला आणि त्यांना दोन शब्द. गिरणीच्या गेटावर सकाळी बदलीवाले उभे राहायचे, आज कुणी आलं नाही तर आपल्याला काम, तसंच हे. त्या दिवसापासून बाबा पॉसॉक्सच्या बाजूने झाले, आणि त्यातही जो अजून वर गेलाच नाही त्याच्या बाजूने.

मॅकॉयचे डगआऊट, म्हणजे खेळाडू बसतात ती जागा, प्रेक्षकांच्या गॅलरीच्या खालीच भिंतीत होते. वरून खेळाडू दिसायचा नाही आणि हात तर पोचायचाच नाही. म्हणून पोरांनी पिढ्यानपिढ्या चालवलेली एक युक्ती होती, जी दुसऱ्या कुठल्या मैदानावर मी तरी बघितली नाही. दुधाचा मोठा प्लॅस्टिकचा कॅन घ्यायचा, बाजूला चौकोनी खिडकी कापायची, आत बॉल ठेवायचा आणि पेन दोरीने बांधून टाकायचं, म्हणजे पडायला नको. मग तो कॅन लांब दोरीने डगआऊटच्या तोंडाशी सोडायचा आणि वाट बघायची. माझा मुलगा सहा वर्षांचा होता. बाबांनी दोरी धरली होती, कारण त्यांच्या मते मला दोरी सोडता येत नव्हती, आणि ते बरोबरच होतं. कोकणात विहिरीवर पोहरा सोडत लहानाचे मोठे झालेले ते, हाताला एक लय होती, कॅन भिंतीवर कुठे आपटला नाही. दोन मिनिटं काहीच नाही. मग खालून एक हिसका बसला. बाबांनी लगेच ओढलं नाही, नुसती दोरी जराशी सैल सोडली, परत हिसका बसला तेव्हा हळूहळू वर घेतलं. बॉलवर निळ्या शाईत सही होती. कुणाची ते आम्हाला आजपर्यंत वाचता आलेलं नाही. बाबा २०१३ ला गेले. बॉल माझ्या टेबलावर आहे, हे लिहिताना समोरच आहे.

तर माझा या प्रकरणाशी एवढा संबंध. आता मुद्द्याचं.

टीम गेली म्हणून मी तुमच्याशी भांडत नाहीये, हे आधी स्पष्ट करतो. २०१५ ला नवीन मालक आले आणि त्यांना टीम प्रॉव्हिडन्सला न्यायची होती, ते फिसकटलं. मग पॉटकेटमध्येच अपेक्स या जुन्या दुकानाच्या जागेवर, स्लेटर मिलच्या जवळ, ८ कोटी ३० लाख डॉलरचं नवीन स्टेडियम बांधायचा प्रस्ताव आला. टीमचे साडेचार कोटी, राज्याचे २ कोटी ३० लाख, शहराचे दीड कोटी असा हिशोब होता. पण ऱ्होड आयलंडच्या लोकांचे हात त्याआधीच पोळलेले होते. रेड सॉक्सच्याच एका माजी पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्या खेळाडूच्या, व्हिडिओ गेम कंपनीला राज्याने साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती आणि २०१२ ला ती कंपनी बुडाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, लोकांनी तेच केलं, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. राज्याच्या सेनेटने एक विधेयक मंजूर केलं, हाऊसने, म्हणजे दुसऱ्या सभागृहाने, त्यातली राज्याची हमी काढून टाकली, जून २०१८ च्या अखेरीस बदललेल्या कायद्यावर सही झाली, आणि १७ ऑगस्ट २०१८ ला टीमने जाहीर केलं की आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला चाललो. तिकडे जे पोलर पार्क उभं राहिलं त्याचा खर्च शेवटी १५ कोटी डॉलरच्या वर गेला. एवढा पैसा पॉटकेटसारख्या छोट्या शहराने घालावा असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. वुस्टरच्या लोकांशीही माझं काही वाकडं नाही, त्यांच्या पोरांनी मजेत बघावा बेसबॉल.

माझी पहिली तक्रार त्याच्या आधीची आहे. मॅकॉयची मालकी शहराची, लीज राज्याकडे आणि वापरणार टीम. तीन तिघाडा काम बिघाडा. २०१७ मध्ये अभ्यास झाला तेव्हा कळलं की स्टेडियम नीट नव्यासारखं करायचं तर ६ कोटी ८० लाख डॉलर लागतील. एवढा आकडा एका रात्रीत होत नाही. आमच्या चाळीचं छत पण असंच गेलं, भाडेकरू म्हणे मालकाने करावं, मालक म्हणे म्हाडाने करावं, आणि पावसाळ्यागणिक पोपडे पडत राहिले. दरवर्षी थोडं थोडं केलं असतं तर माणसं निदान त्या जागेवर बसून भांडली असती. ज्या दिवशी तो आकडा बाहेर आला त्या दिवशीच मॅकॉयचं भवितव्य ठरलं, बाकी सगळं नंतरचं.

दुसरी गोष्ट निरोपाची. शेवटचा सीझन २०२० ला होणार होता, लोकांनी ठरवलं होतं की वर्षभर जायचं, पोरांना घेऊन जायचं, म्हाताऱ्यांना घेऊन जायचं, नीट हात हलवून निरोप द्यायचा. कोविड आला आणि सीझनच झाला नाही. म्हणजे २ सप्टेंबर २०१९, लेबर डेचा दिवस, ती शेवटची मॅच ठरली, आणि ती बघणाऱ्या लोकांना माहीतच नव्हतं की आपण शेवटची मॅच बघतोय. २०२० च्या उन्हाळ्यात मैदानावर टेबलं मांडून लोकांना जेवायला बोलावलं होतं, पार्किंग लॉटमध्ये कोविडच्या टेस्ट व्हायच्या, मी स्वतः तिथे गाडीत बसून नाकात काडी घालून घेतलीये. पुढे गेटाला कुलूप. कोविड कुणाच्या हातात नव्हता, मान्य. पण त्यानंतर वर्षांमागून वर्षं ते स्टेडियम तसंच उभं होतं. एक रविवार. फक्त एक रविवार गेट उघडून लोकांना गवतावर चालू दिलं असतं, तिथे काम केलेल्या माणसांची नावं माईकवरून घेतली असती, तर किती लोकांचं मन शांत झालं असतं.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पॉटकेटच्या मतदारांनीच सुमारे ३३ कोटी डॉलरचा बाँड मंजूर केला, मॅकॉयच्या जागेवर टोलमन आणि शे या दोन्ही शाळा एकत्र करून नवीन हायस्कूल बांधायला. या शहरातल्या पोरांना चांगली शाळा मिळायलाच हवी, त्यांच्या आईबापांपैकी बरेचजण माझ्यासारखेच दुसरीकडून आलेले आहेत, केप व्हर्डेहून, कोलंबियाहून, ग्वाटेमालाहून, आणि शाळेसाठी जागा द्यावी लागली तर मैदान द्यावं हे मला मनापासून पटतं. मग २०२५ ला पाडकाम झालं. मी कुंपणाबाहेर उभा होतो. बाजूला एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी सांगितलं की त्या तीस वर्षं तिथे तिकिटं फाडत होत्या. आम्ही दोघं काही बोललो नाही.

माझी तिसरी आणि सगळ्यात मोठी तक्रार इथे सुरू होते. तिथल्या वस्तूंचं काय झालं? वर चढायच्या रॅम्पवर खेळाडूंची मोठमोठी चित्रं रंगवलेली होती, फिस्क, राइस, लिन, बॉग्ज, क्लेमन्स, चढता चढता पोरं नावं वाचायची. खुर्च्या होत्या, पाट्या होत्या. काय जपून ठेवलं, काय विकलं, काय मोडीत गेलं, याची एक सलग यादी एका सामान्य माणसाला बघायला मिळावी एवढंच मला हवं होतं. एका कार्यालयात विचारलं, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी एक ईमेल आयडी दिला, त्यावर दोनदा लिहिलं, उत्तर नाही. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, माणसं कामात असतात. पण अशी टोलवाटोलवी होत होतच गोष्टी नाहीशा होतात, हे मी एकदा बघितलंय.

आता कुणी म्हणेल, एवढं काय, एक छोट्या गावची टीम होती. म्हणून त्या एका रात्रीबद्दल सांगतो, इकडच्या लोकांना पाठ आहे पण मराठी वाचकांना नसेल.

१८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर. दिव्यांत बिघाड झाला म्हणून मॅच उशिरा सुरू झाली, १,७४० प्रेक्षक. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात, नऊनंतर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं. नवव्या इनिंगमध्ये १-१ झालं. मग खेळतायत, खेळतायत, कुणाला रन निघतच नाही, कारण वारा समोरून असा सुटला होता की मारलेला बॉल परत आत यायचा. एकविसाव्या इनिंगला रॉचेस्टरने एक काढला आणि पॉटकेटच्या वेड बॉग्जने बरोबरी केली, म्हणजे जी माणसं घरी जायची वाट बघत होती त्यांची परत पंचाईत. बाविसाव्या इनिंगला पॉटकेटच्या मॅनेजरला अंपायरने बाहेर काढलं तर तो बिचारा मागच्या भिंतीच्या एका भोकातून उरलेली मॅच बघत बसला. थंडी इतकी की खेळाडूंनी तुटलेल्या बॅटी लोखंडी पिंपात टाकून पेटवल्या आणि शेकत बसले. रात्री अमुक वाजल्यानंतर नवीन इनिंग सुरू करायची नाही असा नियम असतो, तो अंपायरकडे असलेल्या पुस्तकात नव्हताच. शेवटी लीगच्या अध्यक्षांना फोनवर गाठलं आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी बत्तिसावी इनिंग संपल्यावर खेळ थांबवला. स्टेडियममध्ये उरले होते १९ प्रेक्षक. एकोणीस. त्यांना पास दिले. एक पिचर पहाटे घरी गेला तर बायको दार उघडेना, तिला वाटलं हा खोटं बोलतोय, एवढ्या रात्री कुठली मॅच.

उरलेली मॅच २३ जूनला झाली. तेव्हा मेजर लीगचे खेळाडू संपावर होते, बाकी कुठे बेसबॉल नव्हता, त्यामुळे अख्ख्या देशातले पत्रकार पॉटकेटला आले आणि ५,७४६ लोकांनी स्टेडियम भरलं. आणि मॅच अठरा मिनिटांत संपली. तेहतिसाव्या इनिंगला डेव्ह कोझाने मारलं, मार्टी बॅरेट धावत होम प्लेटला, म्हणजे बॅटिंग करणारा उभा राहतो तिथे, परत आला आणि रन झाला, ३-२. एकूण ८ तास २५ मिनिटं खेळ. व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅच, आजही.

त्या मैदानावर एकीकडून बॉग्ज होता आणि समोरून कॅल रिपकेन, दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. आणि ज्याने मॅच जिंकून दिली तो डेव्ह कोझा मेजर लीगची एकही मॅच खेळला नाही. एकही. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, पण त्याचं नाव तिथे लावलंय ना? मी म्हटलं हो, लावलंय. आता ते "तिथे" राहिलं नाही.

आणि ही झाली एक रात्र. मॅकॉय त्याच्याही चाळीस वर्षं आधीचं. हॅमंड पाँडच्या दलदलीवर मंदीच्या काळात सरकारी रोजगाराच्या पैशातून बांधलेलं, १९४२ ला सुरू झालं, पुढे महापौर मॅकॉय यांचं नाव दिलं. १९४६ ते १९४९ इथे जी टीम खेळायची तिचं नाव होतं पॉटकेट स्लेटर्स. गिरणीवाल्यांच्या नावाची टीम! आपल्या परळची टीम असती तर असंच नाव असतं. त्याच न्यू इंग्लंड लीगमध्ये १९४६ ला नॅशुआच्या टीममधून रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम हे दोन काळे खेळाडू खेळले, जेव्हा मेजर लीगची दारं काळ्या खेळाडूंना अजून बंद होती. हे शाळेतल्या मुलांना सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?

आणि बेन माँडोर. क्विबेकहून आलेल्या कुटुंबातला माणूस, बुडीत गेलेल्या कापड गिरण्या विकत घेऊन चालवण्यात ज्याने पैसा केला. १९७७ ला ही टीम पण बुडीत निघालेली होती, देणी थकलेली, प्रेक्षक येईनासे झालेले. त्याने ती घेतली. पहिल्या वर्षी अख्ख्या सीझनला सुमारे ७० हजार लोक आले. त्याने काय वेगळं केलं? संडास स्वच्छ ठेवले, तिकीट स्वस्त ठेवलं, पार्किंगला पैसे घेतले नाहीत, आणि गेटाजवळ उभं राहून लोकांशी बोलायचा. २००५ ला ६ लाख ८८ हजार लोक आले, जेव्हा पॉटकेटची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास आहे. २०१० ला तो गेला. गिरणी बंद पडली की संपलं असं ज्या माणसाने मानलं नाही, त्याच्याबद्दल मला जे वाटतं ते बाकी कुठल्या मालकाबद्दल वाटलेलं नाही.

सगळं वाचवता येत नाही हे मला कळतं. पण याच शहराने स्लेटर मिल वाचवून दाखवलीये. २३० वर्षांची लाकडी गिरणी आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे, देशभरातून लोक येतात बघायला. म्हणजे कसं जपायचं हे पॉटकेटला माहीत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. गिरणी जपली तशी गिरणीवाल्यांची टीम पण जपा, एवढंच म्हणणं आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि यातली एकही फार खर्चाची नाही.

नव्या शाळेच्या आवारात मॅकॉयची होम प्लेट जिथे होती ती जागा नीट सर्व्हे करून कायमची खुणावून ठेवा. वर्गात आली तर वर्गाच्या फरशीत, पार्किंगमध्ये आली तर पार्किंगमध्ये, पण खरी जागा, सोयीची नव्हे. तिथे उभं राहून मुलांना म्हणता आलं पाहिजे की पहाटे चार वाजता बॉग्ज इथे उभा होता.

जपलेल्या, विकलेल्या आणि नष्ट झालेल्या वस्तूंची यादी जाहीर करा, जशी असेल तशी, अर्धवट असली तरी चालेल. ज्यांनी खुर्च्या, पाट्या विकत घेतल्यात त्यातले बरेच लोक फोटो काढून पाठवतील, मी बऱ्याच जणांना ओळखतो. रॅम्पवरच्या चित्रांचं काय झालं ते मला पहिल्यांदा हवंय.

माणसं आहेत तोवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या. ही मागणी सगळ्यात घाईची आहे. १९८१ ला तिथे असलेला पंचविशीतला माणूस आता सत्तरीला पोचलाय. खेळाडूंच्या मुलाखती भरपूर झाल्यात, मला पाहिजेत ते तिकिटं फाडणारे, गवत कापणारे, पॉपकॉर्न विकणारे, डगआऊटमध्ये टॉवेल उचलणारी पोरं, त्या १९ जणांपैकी जे असतील ते. पब्लिक लायब्ररीत एक खोली आणि एक मायक्रोफोन पुरे. हायस्कूलच्याच मुलांना प्रोजेक्ट म्हणून द्या, आठवड्यातून दोन संध्याकाळी मी फुकट यायला तयार आहे.

त्या लांब मॅचचा फलक लावा तर त्यावर दोन्ही टीम्समध्ये खेळलेल्या प्रत्येकाचं नाव पाहिजे, फक्त हॉल ऑफ फेमवाल्या दोघांचं नको. आणि फलक इंग्रजीबरोबर स्पॅनिश, पोर्तुगीज आणि केप व्हर्डेच्या क्रिओलमध्ये पण असावा, कारण त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या घरात त्या भाषा बोलतात आणि मुलं आजीला घेऊन आली तर आजीला वाचता आलं पाहिजे.

आणि २०१५ ते २०१८ मधली सगळी कागदपत्रं, प्रस्ताव, अभ्यास, सुनावण्यांची टिपणं, एका जागी लोकांसाठी उघडी ठेवा. दोष शोधायला नाही मागत. पुढच्या वेळी कुणी मोठा प्रकल्प घेऊन या शहराच्या दारात उभं राहील तेव्हा कौन्सिलमधल्या नव्या माणसाला मागचं वाचता यावं म्हणून मागतोय.

तुमची पुढची कौन्सिल मीटिंग असेल त्या दिवशी मी येणार आहे, पब्लिक कमेंटला नाव देणार आहे. तीन मिनिटं मिळतात असं ऐकलंय, त्यात वरच्या पाच मागण्या वाचून दाखवेन. सोबत दुधाचा एक कॅन आणेन, खिडकी कापलेला, दोरी बांधलेला, मूळचा आहे, बाबांनी स्वतःच्या हाताने गाठ मारलेला. तो मी नव्या शाळेला द्यायला तयार आहे, तो ठेवायला एक कपाट आणि त्यावर एक पाटी मिळणार असेल तर. बॉल मात्र मी माझ्याकडेच ठेवणार आहे. ती सही कुणाची ते अजून शोधायचंय.

आपला,
एक पॉटकेटकर, मूळ परळकर